सहावा महिना आणि 'बरे दिवस'

"आता काय, बरे दिवस सुरू झाले तुझे!" पाचवा लागल्यापासून हे वाक्य मला कोण कोण म्हणालं याची यादी केली तर आमच्या मजल्यावरच्या वीसही खोल्या त्यात येतील. शिवाय ऑफिसातला मॅनेजर, एचआर आणि लोकलमधल्या ग्रुपच्या दोघी-तिघी आहेतच. त्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही. उलट्या थांबल्या, फोडणीच्या वासाने पळत सुटायचं थांबलं, भूक लागते, पोट दिसायला लागलंय पण अजून आड येत नाही. पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नसतं, शेवटचे तीन महिने कुणाला सांगायची गरज नसते. मधले हे दिवस मिरवायचे.

माझं म्हणणं एवढंच की 'बरे दिवस' या दोन शब्दांनी घोळ केलाय. दिवस बरे म्हटले की लक्ष द्यायची गरज नाही असं सगळेच धरून चालतात. नवरा धरून चालतो, मॅनेजर धरून चालतो, कायदा धरून चालतो आणि कधीकधी बाईसुद्धा. प्रत्यक्षात विसावा ते सत्ताविसावा आठवडा या काळात ज्या तपासण्या आणि जे निर्णय असतात, त्यातले बरेचसे पुढे ढकलता येत नाहीत. मी सध्या पंचविसाव्या आठवड्यात आहे. म्हणून म्हटलं या वीकेंडला यावरच लिहावं. मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. त्यामुळे खालची माहिती वाचून डॉक्टरला प्रश्न विचारा, डॉक्टर बदलून मला विचारू नका :)

आधी मोजणीचा गोंधळ मिटवू. फोनमधलं ॲप म्हणतं सातवा महिना, सासूबाई म्हणतात सहावा, डॉक्टर महिना बोलतच नाहीत, 'ट्वेंटी फाइव्ह वीक्स' लिहून मोकळे. बग कुठे आहे? ॲप चार आठवड्यांचा एक महिना धरतं. तसं धरलं तर चाळीस आठवड्यांचे दहा महिने होतात, मग नऊ महिने पोटात वाढवलं हे वाक्यच रद्द करावं लागेल. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजले की कॅलेंडरचे नऊ महिने आणि वर साधारण एक आठवडा होतो. म्हणजे आपल्या आज्यांचं 'नऊ महिने नऊ दिवस' जवळपास बरोबर होतं. सासूबाई जिंकल्या. पण तपासण्यांसाठी आठवडेच मोजा. कारण त्यातल्या काहींना 'एक्सपायरी' आहे.

पहिली तपासणी म्हणजे ॲनॉमली स्कॅन. बाळाचे अवयव नीट घडलेत का हे बघणारी सोनोग्राफी, साधारण अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान करतात. हृदयाचे कप्पे, मणका, मेंदू, किडन्या, ओठ, सगळं एकेक करून बघतात. आमच्याकडे सगळे ही सोनोग्राफी 'बाळाचा फोटो' म्हणून साजरी करतात, आणि दिवाळी आहे, लग्न आहे, रिलीज आहे म्हणून दोन-तीन आठवडे पुढे ढकलतात. इथे कायदा माहीत असायला हवा. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. त्याप्रमाणे वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत नियमांत दिलेल्या ठराविक गटांतल्या स्त्रियांनाच परवानगी, तीही दोन डॉक्टरांच्या मताने. चोवीसच्या पुढे बाळात गंभीर दोष असेल तरच, आणि त्याचा निर्णय मेडिकल बोर्ड घेतं. म्हणजे स्कॅनमध्ये काही दिसलं, मग दुसरं मत घ्यायचं, पुन्हा एखादी तपासणी करायची, घरी बसून बोलायचं, रडायचं, ठरवायचं, या सगळ्याला मिळणारे दिवस मोजके असतात. स्कॅन बावीसाव्या आठवड्यावर ढकलणं म्हणजे ते दिवस स्वतःच्या हाताने कमी करणं. बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये काहीच निघत नाही, हे खरंच. पण तारीख आपण 'बहुतेकांसाठी' घेत नसतो.

त्याच सोनोग्राफीच्या खोलीत भिंतीवर पाटी असते, इथे गर्भलिंगनिदान होत नाही. फॉर्मवर सही करावी लागते. परदेशातल्या मैत्रिणी विचारतात, "सांगत नाहीत? का?" तर बायांनो, आपल्याच राज्याने १९८८ साली देशात पहिल्यांदा यावर कायदा केला आणि मग १९९४ साली तो देशभरासाठी झाला. कारण सांगितल्यावर काय व्हायचं हे सगळ्यांना माहीत होतं. डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवायच्या आणि बर्फी निघाली की पेढा, यावर चाळ हसते, तेवढं ठीक आहे. पण पेढा निघाल्यावर टाळ्या जोरात आणि बर्फी निघाल्यावर "असू दे, पहिली बेटी धनाची पेटी" असं समजूत घातल्यासारखं कुणी म्हणालं की माझी भुवई वर जाते. समजूत कसली घालताय?

दुसरी तपासणी साखरेची, चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत. खरं तर आपल्याकडे पहिल्याच भेटीत एकदा करायला सांगतात आणि तेव्हा नॉर्मल आली तरी या काळात पुन्हा. कारण बाळाची वार जे हार्मोन सोडते त्याने इन्सुलिनचा असर कमी होतो, आणि ते प्रमाण या सुमारास वाढतं. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायचं, बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. भारतात जी पद्धत सरकारने घेतली आहे तिला उपाशीपोटी जायची अटसुद्धा नाही. दोन तासांनंतरची साखर १४० किंवा वर आली तर पुढचं बोलायचं. माझी १२८ आली. पण लॅबमध्ये शेजारी बसलेली बाई, माझ्यापेक्षा बारीक, घरात कुणाला डायबिटीस नाही, तिची १६० च्या वर होती. "मला तर काहीच होत नव्हतं," असं ती तीन वेळा म्हणाली. तेच तर. त्रास होत नाही म्हणून तर तपासायचं. आपण सर्व्हर पडल्यावर मॉनिटरिंग लावतो का? आणि आली वाढलेली तरी बऱ्याच जणींची जेवण आणि चालणं यानेच ताब्यात येते. लपून राहिली तर मात्र बाळ प्रमाणाबाहेर वाढतं आणि बाळंतपण अवघड होतं.

तिसरं हिमोग्लोबिन. या दिवसांत अंगातलं रक्त जवळपास निम्म्याने वाढतं, पण त्यातलं पाणी लाल पेशींपेक्षा जास्त वाढतं, त्यामुळे आकडा थोडा खाली येतोच. अकराच्या खाली गेला की ॲनिमिया म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२ टक्के त्यात बसल्या. निम्म्याहून जास्त! म्हणजे 'गरिबांचा प्रॉब्लेम' म्हणून आपल्याला सुटका नाही. लोहाची गोळी दुसऱ्या तिमाहीपासून निदान १८० दिवस घ्यायची असते. आता आमच्या चाळीतला मुख्य अडथळा काय, तर चहा. कुणाच्याही दारावरून गेलं की "ये गं, घोटभर घे". चहाने लोह शोषलं जात नाही, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तरी नाही. मी सरळ नियम केलाय: लोह रात्री, कॅल्शियम सकाळी आणि दुपारी जेवणाबरोबर, चहा दोन्ही वेळचा मिळून एक कप. समोरच्या आजी रुसल्या दोन दिवस. मग त्यांनीच लिंबूपाणी सुरू केलं.

आता बाळाचं. विसाव्या आठवड्यात ते साधारण तीनशे ग्रॅमचं असतं, चोविसाव्यात सहाशेच्या आसपास आणि अठ्ठाविसाव्यात किलोच्या घरात. म्हणजे 'बऱ्या दिवसांत' ते तिप्पट होतं. विसाव्या आठवड्यात गर्भाशयाचा वरचा काठ बेंबीपर्यंत येतो आणि तिथून पुढे डॉक्टरांच्या टेपवर जितके आठवडे जवळजवळ तितके सेंटिमीटर. हा हिशोब मला फार आवडला. एवढ्या गुंतागुंतीच्या प्रकाराला शिंप्याच्या टेपने मोजता येतं!

हालचाल पहिलटकरणीला अठरा ते वीस आठवड्यांत जाणवते, काहींना त्याहून उशिरा. सुरुवातीला पोटात गॅस फिरतो की बाळ हे कळत नाही. वार पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशीर लागतो, त्यात घाबरायचं नाही. पण चोवीस आठवडे झाले आणि काहीच जाणवलं नाही तर थांबायचंही नाही, डॉक्टरांना कळवायचं. पंचविसाव्या-सव्विसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळ आवाजाला प्रतिसाद देतं. जांबोरी मैदानावर डीजे लागला की आमचं लाथा मारतं. ते नाचतंय की तक्रार करतंय हे अजून ठरायचंय.

बाकी किरकोळ गोष्टींची यादी मोठी आहे. रात्री पोटरीत गोळे येतात. उठताना जांघेत कळ येते (गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध ताणले जातात). छातीत जळजळ, कंबरदुखी, बेंबीखाली काळी रेघ, हिरड्यांतून रक्त. मधूनच पोट दगडासारखं कडक होतं आणि सुटतं. याला सरावाच्या कळा म्हणा. त्या अनियमित असतात, बसलं-झोपलं की जातात. हे सगळं चालतं.

न चालणारी यादी छोटी आहे आणि ती फ्रिजवर लावायची आहे. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, चेहरा-हात अचानक सुजणं, बरगडीखाली उजव्या बाजूला दुखणं: हे रक्तदाब वाढल्याचं असू शकतं, आणि गरोदरपणातला तो विशिष्ट आजार विसाव्या आठवड्यानंतरच सुरू होतो. रक्तदाब १४०/९० च्या पुढे म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. नियमित अंतराने येणाऱ्या कळा, पाणी जाणं, रक्त जाणं, ओटीपोटात खाली दाब: म्हणजे लगेच हॉस्पिटल, रात्रीचे तीन का वाजेनात. गाडी मिळत नसेल तर १०८.

हे तात्त्विक नाही हो. आधीच्या टीममधल्या एका मैत्रिणीचं सव्विसाव्या आठवड्यात डोकं दुखायला लागलं. स्क्रीनमुळे असेल, झोप नाही म्हणून असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल... सगळ्यांनी आपापलं निदान दिलं. आठवडाभराने रक्तदाब मोजला तेव्हा तो १७० होता. अठ्ठाविसाव्या आठवड्यात सिझेरियन, बाळ किलोपेक्षा कमी, दोन महिने काचेच्या पेटीत. आज ते पोर अडीच वर्षांचं आहे आणि घर डोक्यावर घेतं. ऑपरेशनच्या आधी तिला स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायला दोन दिवस मिळाले, त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. ते दोन दिवस मिळाले कारण रक्तदाब मोजला गेला. त्या आठवडाभरात कुणाला तरी मशीन काढावंसं वाटलं असतं तर कदाचित आणखी काही दिवस मिळाले असते. 'बरे दिवस' आहेत म्हणून कुणालाच वाटलं नाही.

आता चाळीचं. आमच्या वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी बांधल्या. तळमजला अधिक तीन, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फूट, संडास मजल्याच्या टोकाला. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमचा नंबर अजून लागायचाय, आम्ही तिसऱ्या मजल्यावरच आहोत. लोक विचारतात, "पोटुशी बाई आणि चाळ? माहेरी जा ना." माहेरही चाळच आहे, तळमजल्यावर असली तरी :)

खरं सांगते, जिन्याचा मला त्रास नाही. धाप लागते, मध्ये थांबते, कुणीतरी हातातली पिशवी घेतंच. त्रास आहे तो रात्री दोन वाजता अख्खी गॅलरी ओलांडून संडासला जाण्याचा. ओली फरशी, गेलेला बल्ब. आणि त्यामुळे होतं काय, तर बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. लघवी दाबून धरतात. ऐरोलीला जाताना बस, मग लोकल, मग पुन्हा लोकल, तिथेही तेच. कमी पाणी आणि दाबून धरलेली लघवी यातून इन्फेक्शन होतं, आणि या दिवसांतलं दुर्लक्षित इन्फेक्शन वेळेआधी कळा आणू शकतं. म्हणजे गॅलरीतला बल्ब ही वैद्यकीय बाब आहे! आमच्या मजल्यावरच्या पोरांनी हे ऐकल्यावर सेन्सरचा दिवा लावला आणि रबराची मॅट टाकली. खर्च मामुली. शंभर वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं असं नाही, कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

चाळीचं चांगलंही सांगायला हवं. इथे मी दिवसभरात एकटी अशी नसतेच. दुपारी दार लोटलेलं दिसलं की कुणीतरी डोकावतं. नव्या टॉवरमध्ये लिफ्ट आहे, घरात संडास आहे, आणि दार लॅचचं आहे. तिकडे गेलेल्या एका ताईने सांगितलं, पहिल्या महिन्यात शेजारी कोण हे कळलंच नाही. मला संडास घरात हवाच आहे, त्यात रोमँटिक व्हायचं काही कारण नाही. पण तिकडे जाताना चौकशा करणारी माणसं सोबत न्यायची, एवढं मजल्याने ठरवून टाकावं.

आणि आता मूळ भांडण, ऑफिसशी. कंपनीचं नाव सांगत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच आहे. तेविसाव्या आठवड्यात मला रात्रीच्या सपोर्टच्या रोटावर टाकलं. मी विचारलं तर उत्तर, "सेकंड ट्रायमेस्टर सेफ असतं ना? लीव्हच्या आधी थोडं कव्हर करून घेऊ." म्हणजे माझे बरे दिवस हा त्यांचा बफर.

कायदाही इथे गप्प आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली, फार चांगलं झालं. पण त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. म्हणजे बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तुम्ही कागदावर 'नॉर्मल एम्प्लॉयी'. गरोदरपणातून आजारपण आलं तर प्रमाणपत्र दाखवून एक महिना मिळतो, पण तो आजारी पडल्यावर. आजारी पडू नये म्हणून ज्या तपासण्या आहेत त्यांच्यासाठी तासभरसुद्धा वेगळा धरलेला नाही.

याची मुळं आपल्या परळ-वरळीतच आहेत. देशातला पहिला असा कायदा मुंबई प्रांताने १९२९ साली केला, कारखान्यांतल्या बायकांसाठी, म्हणजे याच चाळींतून भोंग्याबरोबर गिरणीत जाणाऱ्या बायकांसाठी. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९२८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं यात राष्ट्राचं हित आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, आणि मालकालाही त्या बाईच्या कामाचा फायदा होतो म्हणून त्यानेही काही वाटा द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. आमच्या चाळीत त्यांचा फोटो घरोघरी आहे, हे भाषण मात्र फार कमी जणांना माहीत आहे. त्या काळी सोनोग्राफी नव्हती. म्हणून कायद्याने बाळंतपणाच्या आगेमागेचे दिवस धरले ते समजू शकतं. आज आपल्याला माहीत आहे की पुढचं बरंचसं पाचव्या-सहाव्यात कळतं. माहिती पुढे गेली, रजेचं कॅलेंडर तिथेच राहिलं.

मला सहाव्या महिन्यात रजा नकोय. मला काम आवडतं, आणि घरी बसून १६० चौरस फुटांत मी करणार काय? मला हवंय ते असं. एक, अठराव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात तपासणीचे तीन-चार अर्धे दिवस, सुट्टी न कापता. दोन, विसाव्या आठवड्यापासून रात्रपाळी आणि रात्रीचा सपोर्ट बंद, मागावा न लागता. तीन, लांबून येणारीला आठवड्यात दोन-तीन दिवस घरून काम. चार, मीटिंगमधून उठून बाथरूमला जाताना 'सॉरी' म्हणायची वेळ येऊ नये. हे लिहून मी एचआरला पाठवलं. रोटावरून नाव निघालं. बाकीचं 'पॉलिसी लेव्हलला विचाराधीन' आहे. बघू.

नवरेमंडळींनो, तुमच्यासाठी: तारखा तुमच्याही फोनमध्ये टाका. स्कॅनला जा, ग्लुकोजचे दोन तास शेजारी बसा. घरात रक्तदाबाचं मशीन आणा आणि ते वापरायला शिका. 'काही लागलं तर सांग' हे वाक्य विसरा, विचारून करण्यापेक्षा बघून करा. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही त्यांच्यासाठी दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. तुमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंना आणि बिल्डिंगच्या वॉचमनच्या बायकोला हे सांगा, आणि त्या दिवशी त्यांना भरपगारी सुट्टी द्या. कंपनीकडे मागतो ते आपणही द्यायला हवं.

असो. पुढच्या महिन्यात गॅलरीत डोहाळजेवण आहे. झोपाळा कुठे टांगायचा यावर मजल्यात दोन गट पडलेत. मी हिरवी साडी नेसणार, फुलांचे दागिने घालणार, सगळं हौसेने करून घेणार. फक्त त्या दिवशी जमलेल्या बायकांपैकी ज्यांचा चौथा-पाचवा चालू आहे त्यांना ओटीबरोबर एकेक कागद देणार आहे. त्यावर आठवडे, तपासण्या आणि ती छोटी यादी. ज्यांना हवा असेल त्यांनी मागून घ्या.